चौथ्या पानावर उभी राहिलेली म्हैस

बाई,

तुम्हाला सांगण्यासारखी एक गोष्ट घडली आहे, आणि ती नीट कळावी म्हणून मी ती क्रमाने सांगणार आहे. तुम्ही असता तर तिसऱ्याच वाक्याला म्हणाला असता, "मुद्द्यावर ये गो." पण तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की मधेच टोकायला कोणी नाही, आणि त्या भरवशावर मी सविस्तर लिहायचं ठरवलं आहे.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. या वर्षी ती शाळेत जात नाही, मुलुंडच्या आमच्या घरीच मी तिला शिकवते. शाळेत पुस्तक उघडलं की तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांना पोट दाखवलं, पोट उत्तम होतं. दुखायचं ते पुस्तकामागून येणाऱ्या प्रश्नांमुळे, हे निदान मी केलं, आणि उपायही मीच करणार असं घरात जाहीर केलं. शेवटी मी नव्या शिक्षकांना पाठनियोजन शिकवते. एका मुलीचं नियोजन ते काय! नवरा म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. तेव्हाही पुस्तक बघून पोट धरलं, तर परत शाळा. मग वाद नको." मी म्हटलं, कबूल.

पुस्तक तिनेच निवडलं. एक म्हैस दोरी सोडवून तबेल्यातून निघते आणि समुद्र बघायला जाते, एवढीच गोष्ट; पानावर ओळ-दोन ओळी, बाकी चित्रं. दुकानातच तिने विचारलं, "आई, पोचते का ही?" बाई, पोट दुखायला लागल्यापासून तिने पुस्तकाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी अतिशय आनंदाने तिला समजावलं की पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं हे एक महत्त्वाचं कौशल्य आहे आणि ते आपण टप्प्याटप्प्याने विकसित करणार आहोत.

पहिल्या पानावर दोरी होती. दोरीवरून मोजमाप आलं, गाठींचे प्रकार आले, काथ्या कशाचा होतो ते आलं. दुसऱ्या पानावर म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो. तिथे आम्ही आठवडाभर बगळ्यासकट थांबलो. तिसऱ्या पानावरच्या डबक्यासाठी स्वयंपाकघरात परात मांडली आणि काय तरंगतं, काय बुडतं ते पाहिलं. बटाटा बुडाला, वाटी तरंगली, नवऱ्याच्या गाडीची किल्ली बुडाली. चौथ्या पानावर म्हैस सिग्नलपाशी येते. वाहतुकीचे नियम, रंग, आकार, गोलाच्या वस्तू शोधणे. महिना उलटला तरी म्हैस त्या सिग्नललाच उभी. प्रत्येक पानासाठी मी एक म्हैस पुठ्ठ्यावर कापून लॅमिनेट करून ठेवली होती. आमच्या दिवाणखान्यात तबेल्यापेक्षा जास्त म्हशी होत्या.

प्रत्यक्ष अनुभवाशिवाय ज्ञान अपुरं, म्हणून आम्ही आरे कॉलनीतल्या म्हशींच्या गोठ्यावर गेलो. मी निरीक्षणपत्रिका तयार केली होती: शिंगांचा आकार, कातडीचा पोत, शेपटीची हालचाल. मुलगी एका म्हशीच्या अगदी जवळ जाऊन तिच्या कानात काहीतरी विचारत होती. मी म्हटलं, "आधी शिंगं बघ, मग गप्पा." तेवढ्यात त्या म्हशीने मान लांबवून निरीक्षणपत्रिका घेतली आणि शांतपणे खाल्ली. म्हैस कागद खाते, हे निरीक्षण महत्त्वाचं होतं, पण नोंदवायला कागद उरला नव्हता. गोठ्यावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, आणखी आहे का? तिला आवडलं वाटतं."

दुसऱ्या दिवशी पुस्तक नाहीसं झालं. मी "पुस्तक आण" म्हटलं आणि मुलीने दोन्ही हातांनी पोट धरलं.

बाई, त्या क्षणी मला तुमचा शनिवारचा शेवटचा तास आठवला. मालाडची आपली महापालिकेची शाळा. तुम्ही टेबलाच्या कडेला टेकून बसला आहात, चप्पल अर्धी पायात, अर्धी खाली, आणि गोष्ट वाचता आहात. फळ्यावर काही नाही. गोष्ट संपते, तुम्ही पुस्तक मिटता. मी पहिल्या बाकावरून हात वर करते, कारण मी तेव्हाही तशीच आहे. "बाई, यातून बोध काय घ्यायचा?" तुम्ही माझ्याकडे बघता. "बोध गेला घरी जेवायला. तू पण जा." सगळा वर्ग हसतो. मी दप्तर उचलते आणि घरी पोचेपर्यंत अपमानाने लाल असते. पुढे शिक्षणशास्त्र शिकताना मी तुमचा तो तास तपासून पाहिला: उद्दिष्ट नाही, साहित्य नाही, मूल्यमापन नाही. एका गोष्टीचं उत्तर मात्र मला सापडलं नाही. शनिवारी आम्ही कोणी कधी गैरहजर का राहत नव्हतो?

दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुझी मुलगी पुस्तक घेऊन माझ्याकडे बसलीय. म्हणते, काकू, शेवट सांगा, आई सिग्नललाच आहे. माझा चष्मा दुरुस्तीला गेलाय. ये की खाली!"

काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाल सोलत होत्या. मुलगी त्यांच्या पाठीमागे, पुस्तक पोटाशी धरून. माझ्याजवळ तक्ता नव्हता, पुठ्ठा नव्हता, एकही म्हैस नव्हती. मी बसले आणि पहिल्यापासून वाचू लागले. चौथ्या पानावर सवयीने थांबले. "आता मला सांगा बरं, लाल दिव्याला म्हशीने काय केलं पाहिजे?"

"काय करणार? उभी राहील, नाहीतर जाईल! वाच ना पुढे!" काकू म्हणाल्या. "भाजीत घालायचे वाल माझे राहिलेत, पण मला कळू दे ती पोचते का."

मी वाचलं. पाचवं पान, सहावं पान. मासळीबाजार येतो, म्हैस चुकते, मागे फिरते. "हात तुझी!" काकू म्हणाल्या. मुलगी हळूहळू त्यांच्या पाठीमागून बाहेर आली. शेवटच्या पानावर शब्दच नाहीत; नुसता समुद्र आणि समोर म्हशीची पाठ. त्या पानासाठी मी भरती-ओहोटी योजली होती. जीभ टाळूला घट्ट लावून मी गप्प बसले. बाई, एवढा कठीण तास मी आयुष्यात घेतलेला नाही.

"पोचली," मुलगी म्हणाली.

"पोचली गं बाई," काकू म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं.

मग मुलीने घाबरत माझ्याकडे पाहिलं. "आई, आता काय करायचं?"

"आता घरी जायचं," मी म्हटलं. "जेवायला."

तिने थोडा वेळ खात्री करून घेतली. मग पुस्तक माझ्या हातातून ओढलं, काकूंच्या मांडीला टेकली आणि बोट ठेवून पहिल्या पानापासून काकूंना वाचून दाखवू लागली. "म्हशी-ने... दो-री... सोडली." दोरीपाशी ती अडखळली तेव्हा माझं तोंड उघडलं. काकूंनी वालाचा हात वर करून मला जिन्याचा रस्ता दाखवला. मी वर आले आणि एकटीच जेवले. तिचं जेवण झाकून ठेवलं आहे; खालून अजून आवाज येतो आहे, सिग्नल केव्हाच मागे पडला.

हे पत्र घालण्यासारखी पेटी कुठे नाही, तेव्हा ते त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी ठेवीन म्हणते. फक्त एक कबूल करते. उरलेल्या पानांच्या लॅमिनेट केलेल्या म्हशी मी टाकलेल्या नाहीत. पलंगाखाली आहेत. आणि वर येताना जिन्यात, वालावरून काय काय शिकवता येईल, हे माझ्या मनात येऊन गेलं.