पुलापलीकडे डबे घेतात

३ मार्च, सकाळी
आजपासून मागची खोली रिकामी करायची. ठरलं म्हणजे ठरलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बायको त्यांना रविवारी इथे आणणार. सध्या दोघी पुलापलीकडच्या शहरात, साडूभाऊंकडे. तिथे जागा नाही, सासूबाई हॉलमध्ये सोफ्यावर. बायको म्हणाली, एवढं एकच काम करा. एकच! माझ्यासारख्या माणसाला!

३ मार्च, दुपारी
खोलीत आइस्क्रीमचे डबे आणि शाम्पूच्या बाटल्याच आहेत. आपली नगरपालिका प्लास्टिक पुनर्वापराला घेत नाही म्हणून साठवलेल्या. फेकायच्या? छे! दोन्ही शहरांचे नियम ताडून पाहिले. आपल्याकडे काच घेतात, डबे नाही. पलीकडे डबे घेतात, काच नाही. अडाणी कुठले, दोघेही. उपाय चुटकीसरशी सापडला: अदलाबदल.

५ मार्च
साडूभाऊंना प्लॅन इतका आवडला की संध्याकाळीच गाडीभर काच आणून टाकली. शेजाऱ्यांचीही. डबे मात्र नेले नाहीत. म्हणे, तिकडे धुऊन, लेबलं काढून, झाकणं वेगळी करून द्यावे लागतात. त्यात काय मोठंसं!

६ मार्च
लेबलं निघत नाहीत. सगळ्या बादल्यांत डबे भिजताहेत. आंघोळ रद्द.
बायकोचा फोन. खोली झाली का? म्हटलं, होतच आली.

७ मार्च
कचरागाडीवाला म्हणतो, एका घराची काचेची एकच पेटी. बाकीची पुढच्या आठवड्यात. त्याला पलीकडचे नियम नीट समजावून सांगितले. तो गाडी चालू करून निघून गेला. शिकायची तयारीच नाही लोकांची.
साडूभाऊंची दुसरी खेप. नाही म्हणवेना. खोकी दाराशी रचली. उद्या पहाटे उठून सगळं मार्गी लावतो.

८ मार्च, रविवार
उठायला उशीर झाला. बेल. घाईत धक्का लागून खोकी दारावरच कोसळली. दार आत उघडतं, ते वीतभरच उघडलं. फटीतून बायको दिसली, मागे काठी टेकून सासूबाई. म्हटलं, पाचच मिनिटं. बायकोने विचारलं, खोली? मी तिला दोन शहरांमधला मूलभूत फरक सांगू लागलो. तिने सगळं ऐकून घेतलं. एरवी मध्ये बोलते. मग म्हणाली, आई, चल.

८ मार्च, संध्याकाळी
दार अजून अडकलेलंच. फार वाईट वाटतंय. फोन केला, मेव्हणीने उचलला. म्हणाली, आई सोफ्यावर पडलीय, ताई खाली, जमिनीवर. आत्ताच डोळा लागलाय तिचा. उठवू का?
मी नको म्हटलं. उठवून सांगणार काय होतो?