दोन डाव्या बाह्या

बालाजी घाट, काशी
माघ शुद्ध पंचमी, शके १८४३

तीर्थस्वरूप यज्ञेश्वरराव दाजींच्या चरणी मेहुणा विश्वेश्वर याचा साष्टांग नमस्कार. गंगामाईच्या कृपेने इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत (माझी सोडून, कालपासून जेवण गोड लागत नाही आणि वाढणारीही गोड बोलत नाही). आपला दमा कसा आहे? पुढचा मजकूर बसून वाचावा.

चि. सौ. कां. शरदिनीच्या लग्नाच्या चोळीसाठी आपण बकुळताईचा शालू पोरीबरोबर धाडलात. ताई गेल्यापासून आपण तो पेटीबाहेर काढला नव्हता, हे मी जाणतो. पदराजवळ धड भरजरी कापड एवढेच उरले होते, की दोन बाह्या कशाबशा निघाव्यात. शिंपी दुसऱ्या दिवशी यायचा होता. पण भाचीने विचारले, "मामा, दोन्ही बाह्या एकसारख्या येतील ना?" आणि मी पडलो भूमितीचा मास्तर! मी कागदाची बाही कापली (पुढून खोल, मागून उथळ, एवढे मला कळते, म्हणून तर मिजास) आणि व्याख्यान सुरू केले. आकृती सरकवा, फिरवा, पालथी घाला. दुसरीवर तंतोतंत बसली की दोन्ही एकरूप. मग शिंप्यासारखे कापड दुमडायचे कशाला? तोच कागद पुढे सरकवून मी शालूचे दोन तुकडे कापले. उजवीसाठी एक पालथा घातला की झाले सिद्ध!

दाजी, कागदाला सुलट-उलट नसते, शालूला असते. तुकडा पालथा घातला तर जरीकाम गेले आत आणि बाहेर नुसत्या धाग्यांच्या झिपऱ्या. सुलट ठेवावा तर दोन्ही बाह्या डाव्या. आमची सौ. प्रमोदिनी (जिला आपण गरीब स्वभावाची म्हणता) म्हणाली, "उद्यापासून कोट पालथा घालून शाळेत जा, तुमच्या हिसाबाने सब बराबर!" माझ्या बहिणीची एवढी एकच वस्तू राहिली होती, तिला मी माझ्या हाताने कात्री लावली. लाजेने मान वर होत नाही. आपण द्याल ती शिक्षा कबूल.

आपला अपराधी,
विश्वेश्वर

ता. क. शिंपी दुसरे कापड जोडू म्हणाला. शरदिनीने साफ नाही म्हटले. पालथी बाही गालाला लावून म्हणाली, "आईच्या अंगाला हीच बाजू लागायची ना, मामा? ती मला दिसत राहू दे." ती तीच चोळी घालून बोहल्यावर उभी राहणार आहे.

ता. क. दुसरा. तरी विनंती एकच. व्याह्यांनी बाहीबद्दल विचारले, तर आमच्या घरची चाल आहे असे आपण ठणकावून सांगावे. मला विचारू देऊ नये. मी सिद्ध करायला बसेन.