चौघींचं एकच माप

५ जाने.
आज सानिकानं अकलेचे तारे तोडले. कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला आम्ही चौघींनी सारख्या नऊवाऱ्या घालायच्या, इथपर्यंत ठीक होतं. आज ही मामीकडं शिवायला टाकून आली. चारही मीडियम! मामी म्हणे, एका मापाच्या असतील तर एकदम कापून देते. मी एक्सएल. पल्लवी लार्ज. श्रावणी म्हणजे हँगरला अडकवलेला ड्रेस. आमच्यात मीडियम कोण, तर सानिका.
"महिना हाय की हातात. तुम्ही दोघी उतरा, श्रावणी चढंल. फोटोत एकसारखं दिसाय पाहिजे."
जगात माणसाला बघून कपडे शिवतात. आमच्याकडं कपडे बघून माणसं शिवणार.
मी काय म्हणाले? "भारी!"

८ जाने.
डब्याचे नवे नियम. आधी चारही डबे सानिकापुढं. भात बाद. चपाती एक. बटाटा दिसला की तोंड असं करते जणू झुरळ निघालं. उरलेलं सगळं श्रावणीला, कारण तिला चढायचंय. ती बिचारी चौघींचं जेवण गिळते आणि नंतर बाकावर पोट धरून लोळते. शेवटच्या तासाला सर म्हणाले, "बरं वाटत नाही का?" "वजन वाढवतोय सर." वर्ग हसला. एवढा मूर्खपणा एका बाकावर मी पहिल्यांदाच बघतेय.

पल्लवीचं काय करायचं? ती कबड्डी खेळते, कॉर्नरला. रेडरचा घोटा धरला की धरला. जिल्ह्याच्या संघाची निवड पुढच्या महिन्यात. आणि सानिका तिला म्हणते, "मांड्या बघ गं तुझ्या. पोरांसारख्या झाल्यात."
पल्लवी हसली. बालवाडीपासून एका बाकावर आहोत. तिचं हसू मला कळतं, हे तिचं नव्हतं.

१३ जाने.
भोगी. आईच्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लोणी, भोगीची भाजी. स्वयंपाकघरात उभ्यानंच हादडलं. मग ग्रुपवर लिहिलं, "आज फक्त काकडी 💪"
सानिकानंही काकडीचा फोटो टाकला. परवाचाच फोटो! ताटलीचा तोच टवका उडालेला. श्रावणीनं केळ्यांचा घड टाकला, भाऊ खातो ती केळी, मला माहीत नाही होय? सगळ्या एकजात खोटारड्या.
पल्लवीनं फोटो टाकला नाही. काही लिहिलंही नाही.
आत्ता अंथरुणात लक्षात आलं. ती खरंच खात नाहीये. आमच्या थापा खऱ्या धरून बसलीय बावळट.

२० जाने.
संध्याकाळी ग्राउंडवर गेले. सरावाच्या मॅचमध्ये एका काडीपैलवान रेडरनं पल्लवीला मधल्या रेषेपर्यंत फरपटत नेलं. पल्लवीला! सर ओरडले, "अंगात जीव हाय का न्हाय?" ती उठली, दोन पावलं टाकली, परत बसली. पाणी प्यायली. म्हणाली ऊन लागलं. जानेवारीत, संध्याकाळी.
सानिका तिथंच. "फेस किती शार्प झालाय गं तुझा!"
आणि मला, थू माझ्यावर, हेवा वाटला.

२४ जाने.
पल्लवीकडं गेलते. तिची आई गोठ्यात धार काढत होती. हात न थांबवता विचारलं, "ऋतू, पोरगी घरात जेवत न्हाय. म्हणती कालेजात पोट भरतंय. खाती न्हवं तिथं?"
"खाती की काकी. चौघी एकत्रच बसतो."
काकींना बरं वाटलं. मला ग्लासभर ताजं दूध दिलं. मी प्यायले सगळं.

२९ जाने.
सानिकाला गाठलं. म्हटलं, पल्लवीला सांग, आपण सगळ्या घरी चापून खातो.
"मी न्हाय खात."
परवा हिला मिसळीच्या गाडीवर बघितलंय मी, कट दोनदा मागून घेत होती. तेही सांगितलं.
"मग तू सांग की. काकडी तूबी टाकतीस ग्रुपवर."
वर निघताना म्हणते, मामीकडं नऊवाऱ्या तयार आहेत. कारभारीण!

३ फेब्रु.
निवड परवावर आली. सर म्हणाले, पल्लवी अशीच खेळली तर नाव राखीवमध्ये. तिला त्याचं काहीच नाही. वर्गात ओढणी कमरेला आवळून विचारते, "मीडियम बसंल न्हवं?"
सानिकाच्या एका फोटोसाठी ही कबड्डी सोडणार. लहानपणापासून कबड्डीशिवाय दुसरं काही मागितलं नाही हिनं.

४ फेब्रु.
सकाळी काकींनी एसटी स्टँडवर मला गाठून डबा दिला. "तिच्याकडं दिला तर तसाच माघारी येतोय. तू समोर बसून खायला घाल." म्हणजे कळलंय त्यांना. निम्मं तरी.

मधल्या सुट्टीत दोन्ही डबे उघडले, माझा आणि तिचा. सगळ्यांसमोर, सानिकासमोर. मोठ्यानं म्हटलं, "पल्ले, मी रोज खातोय. हीबी खाती. ग्रुपवर सगळं खोटं टाकतोय आम्ही. खा."
"तू आधी खा."
खाल्लं. माझ्या डब्यातला भात, दोन चपात्या, बटाट्याची भाजी, सगळं. सानिका मोबाइलमध्ये. श्रावणी खिडकीबाहेर. पल्लवी माझा एकेक घास बघत होती. मला वाटलं आता ती हात पुढं करेल.
"एवढं खातीस?" म्हणाली. आणि अशी बघत राहिली! महिनाभर मी ह्या सगळ्यांकडं जशी बघतेय, अगदी तशी. मग उठून गेली.

संध्याकाळी डबा घेऊन तिच्या घरी. वाटेत रिकामा केला असता तर काकी खूश झाल्या असत्या. भरलेलाच ओट्यावर ठेवला. काकींनी झाकण काढलं.
म्हटलं, "काकी, ती कालेजातबी खात न्हाय. मी खोटं बोललो."
पल्लवी मागं दारात उभी होती. "चुगलखोर," एवढंच म्हणाली.
काकींनी ताट घेतलं आणि वाढायला लागल्या. पल्लवी दारातून हलेना. मला तिथं थांबवेना, निघून आले.
जेवली का नाही, माहीत नाही. मेसेज केलाय. बघितलाय तिनं.