उजव्या जबड्याचा नमुना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त पदार्थशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना विचारावे. काल त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मी त्यांच्या आधी शेवटाला पोहोचले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट दाबून बघणे हेच माझे काम होते: दात, हाडे आणि त्यांच्या जागी बसवायचा प्रत्येक पदार्थ, तो कुठे फुटतो ते कळेपर्यंत. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या पतींकडे तहहयात राहील, त्यांच्यानंतर आमच्या लेकीकडे जाईल. पती पेशाने मुद्रितशोधक. माझा एकूण एक शोधनिबंध त्यांनी लाल शाईने तपासला. विषयातले ओ की ठो कळत नसे, पण "इथे तू घाई केलीस," हे मात्र अचूक कळायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीचे दार घासते, ते त्यांनी आता तरी दुरुस्त करून घ्यावे.

२. बँकेतली शिल्लक दोघांनी निम्मी-निम्मी घ्यावी. भांडण्याइतकी ती नाहीच.

३. हिऱ्याच्या धारेची करवत, घासायची चकती आणि माझे भिंग माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला द्यावे. ती आता त्याच प्रयोगशाळेची प्रमुख आहे. एकदा मी तिला एकच नमुना चार वेळा पुन्हा घासायला लावला होता, तेव्हा ती रडली होती. हल्ली ती इतरांना रडवते असे ऐकते. ऊर भरून येतो.

४. निळी डबी लेकीची. तिचा पडलेला प्रत्येक दुधाचा दात मी मधोमध कापला, एका अर्ध्यावर हिऱ्याचे टोक दाबून उमटलेला खड्डा मोजला आणि दुसरा अर्धा राखून ठेवला. कापलेल्या नमुन्याचा अर्धा भाग राखायचाच, हा माझा नियम होता. उद्या कोणी खोटे पाडायला आले तर दाखवायला हाताशी काहीतरी हवे. लहान मुलांच्या दातात भरायचे सिमेंट किती कडक असावे, ते मला आधी त्या दातांवरून उमगले. लेक अजून टोमणा मारते, "दात पडला की बाकीच्या मुलींचे लाड व्हायचे. मला आलेख मिळायचा." तो आलेखही डबीतच आहे.

५. जबड्याचे शल्यचिकित्सक, ज्यांना आम्ही सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणतो, त्यांच्याशी माझा जुना हिशोब बाकी आहे. हाडाच्या खळग्यात भरायचे सच्छिद्र दाणे आम्ही तयार केले, तेव्हा त्यांची छिद्रे, ताकद, शरीरातल्यासारख्या खारट द्रवात विरघळण्याचा वेग, सगळे मी मोजून मांडले. भर सभेत हे गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, हाड तुमच्या यंत्रात वाढत नाही, माणसात वाढतं." सभा हसली. मी म्हटले, "मग माणसात बघू."

पुढे दाण्यांना मान्यता मिळाली. कितीतरी जबड्यांत आणि मोडलेल्या पायांत ते गेले, माणसे जेवू लागली, चालू लागली. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. माझी उजवीकडची खालची दाढ गेली आणि तिथले हाड खचले, तेव्हा मी मुद्दाम घाईसाहेबांच्याच खुर्चीत जाऊन बसले. हात त्यांचा, दाणे माझे. त्या हाडावर बसवलेल्या कृत्रिम दाढेने मी आजही चावते. तरी ते म्हणतात, "एक्स-रेमध्ये पांढरं दिसतं, एवढंच." आणि चीड याचीच येते की ते खरे आहे. हाडही पांढरे दिसते, दाणेही पांढरेच. नवे हाड दाण्यांच्या आत शिरले की दाणे नुसतेच ठाण मांडून बसलेत, हे कापून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि जिवंत माणसाचा चांगला चालणारा जबडा कोणी कापत नाही.

६. म्हणून माझ्या मृत्यूनंतर उजव्या जबड्याचा तेवढा तुकडा काढून प्रयोगशाळेत न्यावा. माझ्या जबड्यात भरले त्याच घाण्यातले राखून ठेवलेले दाणे माझ्या कपाटातल्या बाटलीत आहेत, ते शेजारी ठेवून पाहावे. सूक्ष्मदर्शकातून पहिली नजर घाईसाहेबांची. काय दिसते ते त्यांनी सर्वांसमोर मोठ्याने सांगावे. हाड आत शिरलेले नसेल तर तेही छापावे. पण शिरलेले असणार. मला खात्री आहे.

वकील म्हणतात की माणसाचे शरीर त्याच्या मिळकतीत मोडत नाही, त्यामुळे हे कलम मृत्युपत्रात लिहून भागणार नाही. पतींची लेखी संमती लागेल. मी ती मागितली. ते म्हणाले, "आयुष्यभर तुला प्रयोगशाळेला दिली. गेल्यावर तरी अख्खी माझी राहा." मी जन्मभर जे ठासून सांगितले ते खरे होते का, हे मला स्वतःला कधीच पाहता येणार नाही, याचे फार वाईट वाटते. निदान दुसऱ्या कोणी तरी पाहावे. पती नाही म्हणाले तर हे कलम रद्द समजावे. माझी तक्रार नाही. थोडी आहे.

हा कागद त्यांच्याकडे नेहमीसारखाच तपासायला देत आहे.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: प्रयोगशाळेतले निवृत्त काचकारागीर (सही)
स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च

(खाली, लाल शाईत)
वाचले. चूक सापडली नाही. उजव्या बाजूला माझी संमती आहे. डाव्या बाजूला हात लावू नये, हसताना तिथे खळी पडते. अर्धा भाग राखायचा, हा तिचाच नियम आहे.
पती (सही)