रविवारचे पाहुणे आणि पडद्याचं कापड

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. गुडघे सुजलेत असं कळलं, म्हणून हळूच ठेवते. चष्मा लावूनही तुला बारीक अक्षर लागत नाही, तेव्हा मोठं काढते आहे. फोन केला असता, पण आपल्या अंबडच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, आणि नानांना आजकाल ऐकण्यावाचून दुसरं काम नाही. (तुझ्या भावाचा उजवा हात अजून तसाच लुळा आहे. डाव्या हाताने जेवतात, सांडतात, आणि सांडलं की आईकडे न बघता माझ्याकडे बघतात.)

येत्या रविवारी सिन्नरचे पाहुणे मला बघायला येणार, हे तुला ठाऊक आहे. नानांची खाट बाहेरच्या खोलीत, कारण खिडकी आणि पंखा तिथेच. मध्यस्थांनी आईला सुचवलं की पाहुण्यांच्या नजरेला आल्या आल्या आजारी माणूस पडू नये, नाहीतर 'याचं सगळं करायचं कोणी' असा विचार त्यांच्या मनात सुरू होतो. त्यापेक्षा खाटेपुढे छानसा पडदा लावा. मी चिडले. घरातली पहिली पदवीधर असल्याने मला चिडल्यावर भाषण करता येतं. माणसाची प्रतिष्ठा, आजारपणात लाजण्यासारखं काही नसणं, असं बरंच बोलले. आईने मेथी निवडत सगळं ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "फुलाफुलाचा घ्यायचा का साधा?"

मग गेलो मेनरोडला. दुकानदाराने विचारलं, पडदा हॉलचा की बेडरूमचा. आता आपली ती खोली दिवसा हॉल, रात्री बेडरूम आणि दिवाळीपासून दवाखाना. आई म्हणाली, मोर दाखवा. मोर सुरेख होते, पण कापड उलटं केलं की नुसते डाग. म्हणजे पाहुण्यांना मोर आणि नानांना डाग. मी दोन्ही बाजूंनी सारखं कापड मागितलं (माझ्या तत्त्वांचा तेवढाच तुकडा हातात उरला होता). मग आईने आवाज खाली आणून विचारलं, आतल्या माणसाचा खोकला अडेल असं काही मिळतं का. दुकानदार चांगला माणूस होता, हसला नाही. म्हणाला, ताई, उजेड अडवणारं कापड आहे, आवाज अडवणारं नाही.

शेवटी नमुन्याचे दोन तुकडे घेऊन घरी आलो. आपल्याकडे साधा टॉवेलसुद्धा नानांनी हात लावल्याशिवाय पसंत होत नाही. तुझ्या लग्नाच्या बस्त्यापासूनची रीत. आईने सवयीने दोन्ही तुकडे त्यांच्या खाटेवर ठेवले, आणि ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. तोवर उचलायची सोय राहिली नव्हती. नानांनी पातळ तुकडा डोळ्यांपुढे धरला. त्यातून खिडकी दिसली, तो बाजूला टाकला. मग जाड तुकडा धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"हा घे," म्हणाले, "ह्यातून मी दिसत नाय."

त्यांचे शब्द आताशा अर्ध्यात तुटतात. हे मात्र सगळं नीट बोलले. आईने त्या तुकड्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी तेच कापड आणून पडदा शिवून टांगला. बिस्किटाच्या रंगाचा, दोन्हीकडून सारखा. शेजारच्या मनीषाकाकू म्हणाल्या, खोलीला शोभा आली.

तब्येतीला जप.

तुझी
हर्षाली

ता. क. आईने लिहायला सांगितलंय की रविवारी तू येऊ नकोस. नाना देवळ्याला बहिणीकडे गेलेत असं पाहुण्यांना कळवलं आहे, आणि बहीणच समोर बसलेली दिसली तर पंचाईत होईल.

ता. क. २. वरचं आईचं. माझं म्हणणं, तू ये. पाहुणे टेकले की आत ये, त्यांच्यासमोर बस, आणि कोण म्हणून विचारलं तर खरं सांग. मग मी उठून पडदा बाजूला करीन. नानांना हे विचारलेलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील.

ता. क. ३. आणि मी उठले नाही, तर तू ऊठ. पडदा डावीकडे सरकतो.