कमानीवरचा नंदी

।। श्रीशंकर प्रसन्न ।।
एरंडोल, श्रावण शु. ८, शके १९४७

चि. सुलक्षणा हिस थोरला भाऊ जीवराम याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

येथे सर्व कुशल. तुझ्या गुडघ्यांचे कुशल तू कळवावेस. फोनवर मला ऐकू येत नाही आणि कानातले यंत्र शिट्ट्या मारते, म्हणून आपले पत्रच बरे.

आनंदाची वार्ता अशी, की महादेवाच्या देवळाची नवी दगडी कमान पूर्ण झाली. लोटनरावांच्या ज्या चित्रांना मी जन्मभर ‘मेहुण्यांची रद्दी’ म्हणून हिणवले, तीच कामास आली. चैत्रात तुझ्याकडून त्या चित्रांचे बासन आणले, आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली ती प्राचीन रोमी देवळे मी प्रथमच निवांत पाहिली. पानांचे मुकुट ल्यालेले खांब, घुमट, वेलबुट्टी. आणि एका पानावर, काय सांगू, साक्षात नंदी! ओळीने बैलमुखे, शिंगांना फिती, एका मुखापासून दुसऱ्यापर्यंत फळाफुलांच्या भरगच्च माळा. मुखे अंमळ कृश आहेत, कान नाहीत, डोळ्यांच्या जागी नुसती काळी छाया. परंतु इतक्या जुन्या छपाईत झीज व्हायचीच. रेघ न रेघ कमानीवर तशीच उतरव, असे पाथरवटास बजावले.

सोमवारच्या प्रवचनात मी हाच विषय घेतला. शिवाचे वाहन सातासमुद्रापलीकडच्या देवळांवरही विराजमान होते, हे ऐकून श्रोते गहिवरले. म्हातारी भिकुबाई मात्र मध्येच ‘आबा, हाऊ बैल उपाशी शे का?’ असे विचारून बसली आणि सारा मंडप हसला. तपस्व्याची काया अशीच असते, भक्तीची दृष्टी नसली की तपही उपासमार दिसते, असे मी तिला सुनावले. बिचारीने पदर सावरून हात जोडले.

काल मुखांवर अभिषेक झाला. पोळ्याला शिवारातले सारे बैल या कमानीखालून जातील. तू अवश्य ये. तुझी माझ्यावर माया आहेच, ती एवढ्या वेळी एस.टी.त बसवून येथवर आणावी.

तुझा,
जीवराम


धुळे, ७ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आबांच्या चरणी सुलक्षणाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचले. गुडघे वयाला शोभतील असेच आहेत. पुढचे वाचून रागावू नका.

ते पान मला ठाऊक आहे. ह्यांनी एकदा ते समोर धरून मला समजावले होते. आबा, तो नंदी नव्हे. रोमी लोक देवापुढे बैल बळी देत आणि त्याची कवटी माळांनी सजवून वेदीवर टांगत. पुढे तीच रीत दगडात कोरली गेली आणि शोभेची नक्षी होऊन बसली. फिती आहेत त्या बळीला नेताना बांधायच्या. छपाई मुळीच झिजलेली नाही. कान नाहीत, कारण कातडेच नाही. डोळ्यांची ती छाया म्हणजे हाडांची खोबण.

दोष माझाही आहे. तुम्ही बासन मागितलेत तेव्हा कपाटातली जागा मोकळी होणार म्हणून मला हायसे वाटले. पान न् पान उलगडून सांगायला हवे होते. मी दोरी बांधून तुमच्या हाती दिले. हे असते तर रोमी लोकांच्या गोठ्यात नंदी शोधल्याबद्दल तुमची थट्टा करून करून दमले असते. मला थट्टा सुचत नाही.

तिकडे हे कोणालाही कळणार नाही. तुम्ही गप्प राहिलात तर मीही कुठे बोलणार नाही. परंतु पोळ्याला येणार नाही. ज्याला त्या दिवशी पुरणपोळी भरवायची, तो त्या कवट्यांखालून जाताना मला पाहवणार नाही.

मनात राग आला तरी आशीर्वादाचा हात आखडू नये.

आपली धाकटी,
सुलक्षणा


।। श्री ।।
एरंडोल, भाद्रपद शु. २, शके १९४७

चि. सुलक्षणास आशीर्वाद. ते देण्याचा अधिकार उरला आहे की नाही, या शंकेसह लिहितो.

तुझे पत्र वाचून भिंगाखाली ते पान पुन्हा पाहिले. रेघा किती स्वच्छ आहेत! कवटीवरचा सांधासुद्धा कोरलेला आहे. जे होते ते मी पाहिलेच नाही. मला जे सांगायचे होते तेवढेच पाहिले.

गप्प राहणे साधले नाही. पुढच्या सोमवारी पान हाती धरून सर्व सांगितले. हा नंदी नव्हे, मारलेल्या बैलाची कवटी आहे; चूक माझी; भिकुबाईची शंका रास्त होती आणि मी तिला भरसभेत उगाच बोललो. मग देवस्थानाचा कारभार पाहणारा मगन उठून म्हणाला, की एवढे ज्ञानी असून आबा स्वतःकडे कमीपणा घेतात आणि आपली श्रद्धा पारखतात. टाळ्यांचा कडकडाट झाला. भिकुबाई पुढे आली, माझ्या पाया पडली आणि दृष्टी नव्हती म्हणून तसे बोलले, अशी तिनेच माझी क्षमा मागितली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मुखे फोडून टाक म्हणून पाथरवटाची विनवणी केली. अभिषेक झालेल्या मुखावर छिन्नी लावणार नाही, असे सांगून त्याने कानाला हात लावले. मुखे झाकायला कापड घेऊन मीच शिडी चढू लागलो, तर या वयात माकडउड्या नकोत म्हणत मगनने शिडीच उचलून नेली.

आणि पोळा आला. रंगवलेली शिंगे, झुली, घुंगरमाळा. एकेक जोडी त्या कमानीखालून गेली. मगनने आपल्या गोऱ्ह्याची मान धरून कवट्यांपुढे वाकवली. सर्वांनी हात जोडले. माझे हात उठेनात. डोळे मिटून, मान खाली घालून मी तसाच उभा राहिलो. तेव्हा आबा ध्यानात गेले म्हणून मगनने हात वर केला, आणि माझ्यासाठी सगळी वाजंत्री थांबली.

लोभ असू दे, असे मागण्याची लाज वाटते. तरी मागतो.

जीवराम