तुझ्या यजमानांच्या कादंबरीविषयी

चि. सौ. धाकटीस,
दादाचे आशीर्वाद, पोहोचल्याबरोबर वापरायला घे.

मी बरा आहे. खोकला गेला, घरमालकीण मात्र आहे. आमच्या वाचक मंडळाच्या मासिकासाठी यंदा तीन कादंबऱ्या वाचल्या. ऐतिहासिक कादंबरीतला राजा इतका बोलतो की शत्रूने वेढा उठवला, हे मला पटलं. थरारकथेतला पाठलाग सोडून मी जेवून आलो, तरी मंडळी त्याच वळणावर होती.

तिसरी, म्हणजे रहस्यकथा, तुझ्या यजमानांची. "चांगलं लिही हं दादा," असं तू बजावलं होतंस. लिहिलं. भाषा सफाईदार आहे.

त्यातली बायको तुझ्यासारखीच गुणगुणत स्वयंपाक करते आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधते. पाहुण्यांपुढे नवरा तिची नक्कल करतो. मग तिला जिन्यावरून ढकलतो. तिच्यासाठी कोणी रडत नाही. मंडळातले लोक तिच्यावर पोट धरून हसले. शास्त्रकारांनी हास्य आणि करुण हे रस वेगळे का सांगितले, ते मला तेव्हा कळलं.

परीक्षणात खुनी कोण हे फोडायचं नाही, हा आमचा रिवाज. मी पहिल्याच ओळीत फोडलं. यजमान चिडले तर सांग, दादाला हल्ली भान राहत नाही.

हस्तलिखित तूच टाइप केलंस ना? "तिची उणीव चहाला उशीर झाला तेव्हाच जाणवली," या वाक्यावर त्यांनी "कसं जमलंय?" म्हणून विचारलंच असेल. तू "छान" म्हणाली असशील, तर उत्तर लिहीत बसू नकोस. निघून ये. दुसरी खाट आणून ठेवली आहे.

तुझा,
दादा